टेंभुर्णीला गेलेला चौथा भाग

मंगळवारी सकाळी शोभा वारली. ती कुर्डुवाडीच्या गाडीसाठी डबा भरत होती. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. डबा ओट्यावर राहिला.

आमच्या बौद्ध रिवाजाच्या जलदान विधीला बरीच माणसं आली. त्यांतल्या बहुतेकांनी मला काय वाचावं ते सांगितलं. एकाने मन शांत करणारं पुस्तक आणून दिलं, एकाने मृत्यूनंतरच्या प्रवासाचं. माझ्या मेहुण्याने टेबलावर उपडी ठेवलेली कादंबरी उचलली, दोन पानं चाळली आणि म्हणाला, "भावजी, आता हे कशाला? ताई असती तर म्हणाली असती, जरा मनाला आधार देणारं वाचा." मी पुस्तक त्याच्या हातातून काढून घेतलं. ताई असती तर काय म्हणाली असती, हे त्या आठवड्यात मला इतक्या लोकांनी सांगितलं की तिच्या हयातीत ती एवढं बोलली नसेल.

ती कादंबरी रशियन होती. म्हणजे मराठीत आणलेली रशियन; शंभर वर्षांहून जुनी आणि उशाला घेता येईल एवढी जाड. शोभाने ती पुस्तक प्रदर्शनात घेतली होती. ती रेल्वेच्या वर्कशॉपच्या ऑफिसात होती आणि सोलापूरहून रोज कुर्डुवाडीला जाऊन येऊन करायची. तिच्यासोबत त्याच ऑफिसातल्या अलका असत. सोलापूरच्या आधीच्या होटगीहून सावित्री मॅडम चढायच्या. त्या कुर्डुवाडीच्या शाळेत शिक्षिका. तिघींनाही ती कादंबरी वाचायची होती आणि थांबायची तयारी एकीचीही नव्हती. पर्समध्ये ते धूड मावतही नव्हतं. तेव्हा शोभाने पुस्तक बाइंडरकडे नेलं आणि त्याचे चार तुकडे करून आणले. प्रत्येकाला कापडी पाठ, जाड पुठ्ठा, वर शाईने एक, दोन, तीन, चार.

मी भूगोल शिकवण्यात आयुष्य घालवलं आहे. पुस्तक कापलेलं मला पाहवलं नाही आणि मी तसं बोललोही. ती म्हणाली, "भाकरी मोडल्याशिवाय खाता येते का?" मग मलाही त्या साखळीत घेतलं. चार भाग, चार वाचणारे. आपला भाग संपला की पुढच्याच्या हातात द्यायचा आणि पुढचं कुणी कुणाला सांगायचं नाही, एवढाच नियम. साखळीत मी शेवटी होतो आणि सर्वांत सावकाशही. तिघींचं केव्हाच संपलं. मी तिसऱ्या भागात होतो. शोभा रोज रात्री माझ्या हातातली खूण बघायची आणि म्हणायची, "तुम्ही शेवटाला या, मग बोलू." शेवटावरून तिचं आणि अलकाताईंचं गाडीत भांडण चाललं होतं, एवढंच मला माहीत होतं. अलकाताईंनी नोकरी सोडली आणि त्या सासरी टेंभुर्णीला राहायला गेल्या, तरी फोनवर ते चालू राहिलं. शेवटी आपलंच खरं करायला म्हणून त्यांनी चौथा भाग पुन्हा वाचायला मागून नेला.

त्यानंतर तो मंगळवार आला.

मी तिसरा भाग संपवला. कसा संपवला ते सांगत नाही. मग अलकाताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, कुरियरने पाठवते. मी म्हणालो, मी येतो. मला घरात बसवत नव्हतं, आणि कुरियरवर माझा विश्वास नाही.

कुर्डुवाडी

टेंभुर्णीला सोलापूरहून सरळ एसटी जाते. मी गाडीने कुर्डुवाडीला गेलो, कारण तिच्या ऑफिसातून तिच्या वस्तू आणायच्या होत्या आणि ते काम मला दुसऱ्या कुणावर टाकायचं नव्हतं.

ज्यांनी हा प्रवास केलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो: पाहण्यासारखं काही नाही. काळी जमीन, बाभळी, मोहोळ, माढा, मध्येच उसाचा हिरवा चौकोन. चैत्रात खिडकीतून येणारा वारा तोंडावर तव्यासारखा लागतो. या वाऱ्यात तिघी बायका बर्फाची वर्णनं वाचत होत्या. शोभा सांगायची, चांगला भाग जिच्या हातात असेल तिला खिडकी द्यायची, असं त्यांचं ठरलेलं होतं. त्या कादंबरीत तीस-तीस पानं जेवण चालतं. सूप येतं, मासा येतो, मग मुरंबा घातलेला चहा, आणि एवढ्यात कुणीतरी रडत उठून जातं. मुरंब्याचा चहा त्यांनी गाडीत करूनही पाहिला होता. सावित्री मॅडमनी गुळांबा आणला, शोभाने थर्मास. तिघींनाही आवडला नाही आणि तिघींनीही तो संपवला.

रशियन नावं लांबलचक, आणि प्रत्येक माणसाला तीन-तीन. म्हणून त्यांनी आपली नावं पाडली होती. इस्टेट मोजायला आलेला तरुण तो मोजणीदार. त्याच्यासाठी लग्न मोडून बसलेली मुलगी ती धाकटी. तिच्या घरी ठाण मांडून बसलेली आत्या ती माढ्याची आत्या, कारण अलकाताईंची तशी एक आत्या माढ्याला आहे. मीही याच नावांनी वाचत होतो. खरी नावं मला आजही सांगता येणार नाहीत.

ऑफिसात त्यांनी एका पिशवीत सगळं बांधून ठेवलं होतं: शाल, कप, चष्म्याचं घर. तिच्या खुर्चीवर दुसरं कुणीतरी बसलेलं होतं. बसणारच. एका साहेबाने मला चहा पाजला आणि विचारलं, "मॅडम सारख्या ते जाड काहीतरी वाचायच्या. खात्याच्या परीक्षेचं होतं का?" मी म्हणालो, नाही, कादंबरी. तो म्हणाला, "मग उपयोग काय?" त्याने वाईट मनाने विचारलं नव्हतं. मी कप ठेवला आणि उठलो. माणसाने दोन तास बसून सिनेमा पाहिला तर कुणी उपयोग विचारत नाही. तिने आनंदासाठी वाचलं, केवळ आनंदासाठी, आणि त्या आनंदाचा हिशेब मी त्या साहेबाला देणार नव्हतो.

टेंभुर्णी

एसटीने मला गावाच्या अलीकडे हायवेवर उतरवलं. कंडक्टर म्हणाला, "हितंच उतरा, गाडी पुलावरनं जाती." पुलावरून उतरायला वाट कुठे आहे ते त्याने सांगितलं नाही. मी उन्हात ट्रकांच्या बाजूने चालत राहिलो. टायरची दुकानं, केळीच्या गाड्या, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ. तिथे रस घेतला आणि काखेत धरलेल्या पिशवीतली शाल माझ्या घामाने ओली झालेली दिसली. त्या कंडक्टरला मी मनातल्या मनात जे बोललो ते शिक्षकाला शोभणारं नव्हतं.

टेंभुर्णीला सहलीला कुणी जात नाही. जावं असंही मी म्हणणार नाही. पण अलकाताईंच्या घरी जे जेवण मिळालं तसं मला वर्षभरात कुठे मिळालेलं नाही. उजनीच्या पाण्यातली चिलापी मासळी, तिचं तिखट कालवण, बाजरीची भाकरी. शोभा तिथे गेली की हेच मागायची. अलकाताईंच्या सासूबाई चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांना ते पटलं नव्हतं.

"आगं, सुतकाचा माणूस हाय. मासं कसलं वाढती?"

"आत्या, त्यांच्यात सुतक नसतं," अलकाताई सासूबाईंना म्हणाल्या.

म्हातारीने माझ्याकडे नीट पाहिलं. "सुतक नसतं, मग दुख कसं संपतं वो तुमचं? आमचं तेराव्याला संपतं." आणि उत्तराची वाट न बघता माझ्या ताटात आणखी एक तुकडा टाकला. त्या दिवसांत मला विचारलेला तेवढा एकच प्रश्न मला राग न आणणारा होता.

जेवण झाल्यावर अलकाताईंनी चौथा भाग आणून दिला. खाकी कव्हर घातलेलं होतं. म्हणाल्या, "सर, आज जाऊ नका. हितंच वाचा. तुमचं झालं की बोलू."

मी चमकलो. शोभाचं वाक्य त्यांच्या तोंडी मला ऐकायचं नव्हतं. पण पुस्तक हातात आलं होतं. ओसरीवर खाट टाकून दिली होती. मी वाचायला बसलो, संध्याकाळ झाली तरी वाचत होतो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाचलं. मी आयुष्यात एवढं वेगाने वाचलेलं नाही. म्हशी पाण्यावर गेल्या आणि आल्या. म्हातारी मधूनच विचारायची, "पोरीचं लगीन झालं का?" तिला सगळं माहीत होतं, सुनेने सांगितलं होतं. मी म्हणायचो, अजून नाही. त्या ओसरीवर मला चांगलं वाटत होतं, आणि याचाही राग येत होता.

चौथ्या भागाच्या शेवटी धाकटी एकटी उरते. मोजणीदार दूरच्या प्रांतात गेलेला. हिवाळ्यापर्यंत येईन म्हणालेला. बर्फ पडतं. ती रोज संध्याकाळी फाटकाशी जाऊन उभी राहते. माढ्याची आत्या ओरडते. मग एका संध्याकाळी लांबून बर्फावरच्या घोडागाडीची घुंगरं ऐकू येतात. ती शाल सावरते. शेवटचं वाक्य असं आहे: घुंगरांचा आवाज जवळ येत गेला.

पान संपलं. पुढे पुठ्ठा.

अलकाताई समोर येऊन बसल्या. "आता सांगा. शोभा म्हणायची तोच आला. मी म्हणायची न्हाय आला, दुसऱ्याच कुणाची तरी गाडी. शोभा म्हणायची, लेखकाला तो आणायचा नसता तर घुंगरं कशाला वाजवली असती? लई भांडलो आम्ही. मोहोळ ते माढा निस्तं भांडण. तुम्ही कुणाकडनं?"

म्हणजे हे होतं. यासाठी ती रोज रात्री माझी खूण बघत होती.

मी पान उलटसुलट केलं. तोंडात आलं ते एवढंच, की खाली 'समाप्त' नाही.

"समाप्त सिनेमात असतं, सर," त्या म्हणाल्या. "थोर लेखक असंच सोडतात."

पण शंका एकदा आली की माझ्यातला मास्तर तिला सोडत नाही. हजार पानं बैजवार सांगणारा हा माणूस, जेवणातला मासासुद्धा कुठल्या नदीचा ते सांगणारा, तो असा अर्ध्या वाटेवर उठून जाईल? मी विचारलं, अनुक्रमणिका कुठे आहे. अलकाताई म्हणाल्या, ती पहिल्या भागात असेल. आणि पहिला भाग सावित्रीकडे, होटगीला. शाळेतल्या एका बाईंना द्यायचा म्हणून तिने नेलाय.

मग आम्हा दोघांच्या एकदमच लक्षात आलं. अनुक्रमणिका पहिल्या भागात, शेवट चौथ्या भागात. साखळी सुरू झाल्यापासून ते दोन भाग एका घरात कधी आले नव्हते.

होटगी

सोलापूरला परत येऊन, घरी न जाता, मी होटगीची गाडी धरली. होटगी जंक्शन आहे, म्हणजे तिथे गाड्या थांबतात आणि माणसं दुसरीकडे जातात. स्टेशनाबाहेर निम्मी बोलणी कानडीत. सावित्री मॅडम दारात उभ्या होत्या. "बर्री सर, बर्री," या या म्हणत त्यांनी मला आत घेतलं. त्या वर्षानुवर्षं शोभासाठी गाडीत जागा धरत आल्या होत्या.

ज्वारीची कडक भाकरी, भरली वांगी, शेंगाची चटणी. आमच्यात दुःखाच्या घरचा माणूस आला की आधी पाणी देऊन गप्प बसतात. इथे आधी जेवायला घालतात आणि तोवर एक अक्षर विचारत नाहीत. मला ही पद्धत बरी वाटली. हात धुतल्यावर मी पहिला भाग मागितला.

अनुक्रमणिकेत शेवटच्या प्रकरणाखाली आणखी एक ओळ होती. उपसंहार. पुढे पानाचा आकडा. चौथ्या भागात ते पान नव्हतं.

सावित्री मॅडमनी ते वाचलं. म्हणाल्या, हे त्यांनी सुरुवातीलाच पाहिलं होतं. पण उपसंहार म्हणजे भाषांतर करणाऱ्याचं मनोगत असेल, अशी त्यांची समजूत. ते बाइंडरने वगळलं तर वगळलं, मनोगतं कोण वाचतं?

माझा आवाज चढला. मी त्यांना म्हणालो, तुम्ही शिक्षिका आहात. तुम्ही तिघी शिकलेल्या बायका, वर्षभर एका तुटलेल्या पानावर भांडलात, आणि कुणालाही शेवट तपासावासा वाटला नाही. शोभा गेली ती अर्धं पुस्तक वाचून गेली.

त्यांनी ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "सर, अर्धं कसं? तिच्यासाठी तो आला होता की. आलाच होता. मी रोज ऐकलंय."

मी निघालो तेव्हा त्यांनी पहिला भाग आणि घरात असलेला दुसरा, दोन्ही माझ्या पिशवीत शालीवर ठेवले. म्हणाल्या, "पुढचं सापडलं तर मला सांगू नका. माझी घुंगरं वाजू देत."

सोलापूर

प्रवासवर्णन आपल्याच गावात संपवू नये असं म्हणतात. पण माझा प्रवास इथेच संपला.

बाइंडरचं दुकान साखर पेठेत होतं. नरसय्या नावाचे म्हातारे गृहस्थ. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी. काय बोलायचं ते मी रिक्षात पाठ केलं होतं. शेवटचा फर्मा, तो पानांचा गठ्ठा, कुठे टाकलात, पुस्तक हे कापडाचं ठाण आहे का, वगैरे. दुकानाच्या जागी मोबाइलच्या कव्हरांचं दुकान होतं. शेजाऱ्याने सांगितलं, नरसय्या गेले, थंडीतच गेले, मुलगा पुण्याला असतो. सगळं पाठ केलेलं तोंडात घेऊन मी रस्त्यावर उभा राहिलो. रागवायलासुद्धा माणूस उरला नव्हता.

मग ग्रंथालयात गेलो. त्याच कादंबरीची अख्खी प्रत तिथे निघाली, जुनी, डांबरगोळ्यांचा वास असलेली. वाचनालयाच्या पंख्याखाली बसून मी उपसंहार काढला. समोर एक मुलगी स्पर्धा परीक्षेचं काहीतरी पाठ करत होती.

तो येत नाही.

घुंगरं जवळ येतात आणि फाटकावरून पुढे जातात. गाडीत धान्याचा एक व्यापारी असतो. धाकटी घरात जाते, आत्या तिला सूप देते, ती ते पिते. मग लेखक काही वर्षं ओलांडतो. धाकटीचं लग्न त्याच व्यापाऱ्याशी होतं. ती जाड होते, हसरी होते, तिला मुलं होतात. मोजणीदाराचं पुढे काय झालं याला एक ओळ दिली आहे. त्यानंतर शेवटपर्यंत लेखक गवताच्या कापणीबद्दल आणि माणसाच्या इच्छेला किती अर्थ आहे याबद्दल बोलत बसतो.

शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या माणसावर मी एवढा चिडलो की समोरच्या मुलीने वर पाहिलं. हजार पानं एका मुलीला फाटकाशी उभी करायची आणि मग तिला व्यापाऱ्याची बायको करून मोकळं व्हायचं. त्याहून राग याचा होता, की ते चांगलं लिहिलेलं होतं. सूप पितानाचं पान मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं. असं काही वाचलं की मी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारायचो. वाचनालयात मी मान वळवली.

ती पानं झेरॉक्स करून घेतली आणि बाहेर येऊन अलकाताईंना फोन लावला. त्यांनी फोन उचलताच विचारलं, "काय निघालं?"

"तुमचं बरोबर निघालं. गाडी दुसऱ्याची होती."

पलीकडे म्हातारी कुणाला तरी हाका मारत होती. अलकाताई म्हणाल्या, "मला नको होतं असलं जिंकणं, सर. कशाला सांगितलंत?"

"तुम्हीच विचारलंत."

"व्हय, विचारलं मी." मग रडत, आणि रडताना चिडत, म्हणाल्या, "शोभानं मानलंच नसतं हे. ती म्हणाली असती, लेखकाला काय कळतंय."

मी त्यांना मध्येच तोडलं. म्हणालो, ती काय म्हणाली असती ते तुम्ही तरी सांगू नका. त्या म्हणाल्या, बरं. पुढच्या महिन्यात चिलापी खायला या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

चारही भाग आता माझ्याकडे आहेत. ते एका फळीवर उभे आहेत. शेवटची पानं झेरॉक्स केलेली आहेत, ती बांधलेली नाहीत. ती वाचून शोभा काय म्हणाली असती, ते मला माहीत नाही.